परदेशातल्या शाळेत नोकरी शोधताय? बडोद्याहून अर्ज करताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की बडोद्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुबई, मस्कत, नैरोबीच्या जाहिराती फिरू लागतात. कुणाची नणंद तिकडे असते, कुणाचा मावसभाऊ. मग एका रात्रीत दिसेल त्या शाळेला एकच मेल जातो. उत्तर येत नाही, जूनमध्ये इकडचे वर्ग सुरू होतात आणि विषय पुढच्या मेपर्यंत बासनात जातो.

या मंडळींना शिकवता येत नाही असं मुळीच नाही. एम. एस. विद्यापीठातून बी.एड. केलेला, आठ-दहा वर्षं फिजिक्स शिकवणारा माणूस कुठल्याही शाळेला हवाच असतो. पण तिकडची शाळा तुम्हाला प्रत्यक्ष न भेटता नेमणार असते. निवड चुकली तर वर्षाच्या मध्यात तिला दुसरा शिक्षक सहज मिळत नाही. म्हणून तुमचे गुण बघण्याआधी ती शंकेच्या जागा शोधते, आणि त्या जागा बहुतेक वेळा आपणच तयार करून पाठवलेल्या असतात. तुमचं घोडं कुठे अडलंय ते बघा आणि तिथून वाचायला लागा.

अर्ज जातात, उत्तर येत नाही

आधी वेळापत्रक तपासा. ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे तिथल्या शिक्षकांना साधारण नोव्हेंबर ते जानेवारीतच सांगावं लागतं. रिकाम्या जागांची भरती तेव्हाच सुरू होते आणि मार्चपर्यंत चांगल्या जागा भरलेल्या असतात. मे-जूनमध्ये जे उरतं ते कुणी अचानक सोडून गेल्यामुळे. आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे त्यांची भरती हिवाळ्यातच. थोडक्यात, दिवाळीचा फराळ संपायच्या आत तुमचा बायोडेटा तयार हवा.

मग तो बायोडेटा बघा. आपल्याकडे नोकरीचा बायोडेटा आणि लग्नाचा बायोडेटा यांच्यात फक्त रास आणि गोत्राचा फरक असतो. वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, 'हॉबी: वाचन व संगीत' हे सगळं काढा. एक मात्र लक्षात ठेवा: 'फोटो नको, वैवाहिक माहिती नको' हा कॉर्पोरेट जगातला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. घर आणि व्हिसा शाळा देणार असेल तर बरोबर कोण येणार, मुलं किती, जोडीदारही शिक्षक आहे का, हे तिला जाणून घ्यायचं असतं. दोघं नवरा-बायको शिक्षक असाल तर ते वरच लिहा. एका घरात दोन शिक्षक मिळतात म्हणून शाळांना अशी जोडी आवडते.

तारखा महिन्यासकट लिहा. बाळंतपणासाठी किंवा सासऱ्यांच्या आजारपणामुळे दोन वर्षं घरी असाल तर तसं एका ओळीत सांगा. कारण न दिलेली रिकामी जागा या क्षेत्रात फार वाईट दिसते. का, ते पुढे येईलच.

'इंटरनॅशनल' या शब्दानेही आपली फसगत होते. बडोद्यात आणि आसपास नावात इंटरनॅशनल असलेल्या शाळा भरपूर आहेत, त्यातल्या कित्येक सीबीएसईच्या. 'इंटरनॅशनल स्कूलमध्ये सहा वर्षांचा अनुभव' असं लिहिलंत की तिकडचा प्राचार्य आयबी किंवा केंब्रिज या अभ्यासक्रम-मंडळांच्या संकेतस्थळावर तुमची शाळा शोधतो. ती तिथे नसली की त्याला वाटतं, हा माणूस वाढवून सांगतोय. शाळेच्या नावापुढे अभ्यासक्रम आणि शिकवलेल्या इयत्ता सरळ लिहा. सीबीएसई लिहिण्यात कमीपणा नाही. सीबीएसईशी संलग्न शाळा वीसहून अधिक देशांत आहेत आणि बी.एड. अधिक सीबीएसईचा अनुभव ही त्यांची नेमकी गरज असते. 'तिकडे जाऊनही सीबीएसईच?' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पगार तिथे ब्रिटिश शाळेपेक्षा कमी असतो हे खरं. पण परदेशातला पहिला अनुभव, तिथली संदर्भपत्रं आणि पुढच्या शाळेला प्रत्यक्ष भेटायची सोय तिथूनच होते. पहिल्या नोकरीसाठी मी तरी हीच वाट सुचवेन.

विषयाचंही गणित आहे. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना मागणी बरी असते. इंग्रजी शिकवणाऱ्यांना मात्र काही देशांत पासपोर्टच आडवा येतो. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुमचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी अशा ठिकाणी दार ठोठावण्यात वेळ जातो.

आणि कोर्सेसच्या मागे धावू नका. परदेशी विद्यापीठांचा 'पीजीसीई इंटरनॅशनल' हा ऑनलाइन शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स चांगला असतो, पण त्यातून इंग्लंडचा क्यूटीएस हा शिक्षकाचा दर्जा आपोआप मिळत नाही. लाखो रुपये भरल्यावर हे कळणारे लोक आहेत. २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या शिक्षकांना थेट इंग्लंडच्या सरकारी पोर्टलवरून क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. तो प्रामुख्याने ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. त्या पात्रतेत बसत असाल तर आधी तिकडे बघा. मात्र क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे आणि व्हिसाही नव्हे.

मुलाखत छान झाली, मग शांतता

ऑनलाइन मुलाखतीत आपली माणसं विषयात अडखळत नाहीत. अडखळतात ती अशा प्रश्नावर: 'वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर तुमच्याकडे येते आणि म्हणते, मॅडम, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका. तुम्ही काय कराल?'

आपलं सहज उत्तर असतं: 'तिला जवळ घेईन, विश्वासात घेईन, वचन देईन, मग तिच्या आईशी बोलेन.' मायेने दिलेलं हे उत्तर तिकडे जवळजवळ नापास करतं. त्यांना अपेक्षित असतं ते असं: शांतपणे ऐकायचं, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, तिच्याच शब्दांत नोंद करायची आणि त्याच दिवशी शाळेतल्या बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं. घरी आपण होऊन फोन करायचा नाही, कारण त्रास घरातूनच असू शकतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांच्या संस्थांनी मिळून बालसुरक्षेसाठी कृतिदल नेमलं आणि तेव्हापासून भरतीच्या वेळची ही तपासणी खूप कडक झाली आहे. बायोडेटामधली रिकामी वर्षं खुपतात ती याच कारणाने. आधी कुठून काढून टाकलेला माणूस ती वर्षं लपवत नाही ना, हे शाळेला बघायचं असतं.

संदर्भ म्हणून 'टू हूमसोएव्हर' छापाचं पत्र जोडून भागत नाही. शाळा तुमच्या आताच्या प्राचार्यांना त्यांच्या अधिकृत ईमेलवर थेट विचारते. प्राचार्यांचा पत्ता जीमेलचा असेल, किंवा त्यांना तुम्ही काही सांगितलेलंच नसेल, तर गाडी तिथेच थांबते. सरांना सांगितलं तर ते रागावतील, वर्षभर कोपऱ्यात टाकतील, ही भीती आपल्याकडे खोटी नाही. त्यावर मार्ग म्हणजे अर्जात स्पष्ट लिहायचं: अंतिम यादीत नाव आल्यावरच सध्याच्या प्राचार्यांशी संपर्क साधावा. ही विनंती बहुतेक शाळा मान्य करतात. प्राचार्यांना अजिबात विचारूच नका म्हणालात, तर मात्र मान्य करत नाहीत.

डेमो तासाबद्दल एवढंच की पोर्शन संपवायचा प्रयत्न करू नका. वीस मिनिटांत तुम्ही किती बोललात यापेक्षा मुलं किती बोलली हे बघतात.

ऑफर आली, कागद अडले

सर्वांत जास्त नोकऱ्या इथे हातच्या जातात, आणि आपल्या मराठी घरांत तर याला खास कारण आहे. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर माहेरचं नाव. लग्नात कुणाचं नुसतं आडनाव बदललं, कुणाचं पाळण्यातलं नावही बदलून टाकलं. आधारवर सासरचं, पासपोर्टवर मधलं नाव गळलेलं. बडोद्यात या सगळ्या एकच बाई आहेत हे साऱ्या वाडीला माहीत असतं. दूतावासातल्या कारकुनाला त्या तीन वेगळ्या बाया दिसतात.

यावर उपाय ऑफर येण्याआधीच करायचा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढा. ते गुजरातीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. पहिलं नावही बदललं असेल तर प्रतिज्ञापत्रावर थांबू नका, राज्य राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करा. नोकरीचा अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच करा, अक्षराचाही फरक नको. आणि अनुभवपत्र आता नव्याने घेणार असाल तर त्यावरही तेच नाव, रुजू झाल्याची तारीख, विषय, इयत्ता. 'त्यांचे वर्तन चांगले होते' एवढ्यावर कुणी व्हिसा देत नाही.

दुसरा घोळ लॅमिनेशनचा. आईवडिलांनी कौतुकाने पदवी प्लास्टिकमध्ये बंद करून कपाटात ठेवलेली असते. पण प्रमाणीकरणाचे (अटेस्टेशनचे) शिक्के मूळ पदवीच्या मागे उमटतात, प्लास्टिकवर नव्हे. ती उकलायला गेलं तर कधी शाईच निघून येते. अशा वेळी विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवावी लागते आणि तिला वेळ लागतो.

शिक्क्यांची वाट देशागणिक वेगळी. आधी राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय, हे समान. भारत २००५ पासून अपॉस्टिल कराराचा सदस्य आहे. अपॉस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा असा शिक्का, जो सदस्य देश दूतावासाच्या शिक्क्याशिवाय मानतात. ओमान, बहरीन आणि २०२२ च्या अखेरीपासून सौदी अरेबियाही त्यात आहेत, म्हणून तिथे अपॉस्टिलवर काम होतं. यूएई, कतार, कुवेत त्यात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. देश ठरायच्या आत एजंटच्या सांगण्यावरून 'सगळं करून ठेवू' म्हणून पैसे घालू नका.

यूएईत पदवीची समकक्षताही (ती तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का) बघतात आणि पत्रव्यवहाराने केलेलं बी.एड. तिथे अडचणीत येऊ शकतं. मागे तर नियमित शिकलेले भारतीय शिक्षकही अडकले होते. गुणपत्रिकेवरचे 'एक्स्टर्नल' (बाहेरच्या परीक्षकाने दिलेले) गुण पाहून पदवीच बाहेरून केली असा अर्थ लावला गेला होता. म्हणून पूर्णवेळ नियमित शिक्षण घेतल्याचं विद्यापीठाचं पत्र आधीच मागून ठेवा.

पोलीस क्लिअरन्स मात्र घाईने काढू नका. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं, पण शाळा काही महिन्यांच्या आतलंच मागतात.

ऑफर खरी की खोटी

मुलाखत न घेता आलेली ऑफर खोटीच समजा. शाळेचं नाव खरं पण ईमेलचा पत्ता भलताच, हा नेहमीचा खेळ. शाळेच्या संकेतस्थळावरचा फोन नंबर काढून स्वतः विचारा. परदेशातल्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे आणि बेकायदा एजंटांचीही आहे. नोंदणीकृत एजंटलाही तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायलाच बंदी आहे. अलकापुरीत काचेचं ऑफिस आहे म्हणून विश्वास टाकू नका.

'आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून घेऊ' हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. थायलंड असो की दुबई, पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट, एवढं लागतं.

आकडा मोठा, हातात किती?

दिरहमचे रुपये करून कुणी हुरळून जाऊ नये. करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती हे बघा. यूएईत नोकरी सोडताना मिळणारी रक्कम फक्त मूळ पगारावर ठरते: वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार. भत्ते फुगवून मूळ पगार छोटा ठेवला असेल तर नुकसान तुमचं. घर शाळेचं असेल तर स्वतंत्र की दुसऱ्या शिक्षिकेबरोबर, हे विचारा. कुटुंबाला न्यायचं असेल तर यूएईत ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, ही किमान अट असते. मुलांची फी माफ आहे की अर्धी, हेही लेखी घ्या. तिकडे शाळेची फी एका पगाराचा मोठा घास घेते.

राजीनामा शेवटी. सही झालेला करार हातात आल्यावर, आणि कागद पुढे सरकले आहेत असं शाळेने लेखी कळवल्यावरच तो द्या. नोटिशीचा काळ आधी मोजून तिकडच्या शाळेला रुजू होण्याची तारीख द्या. 'लगेच येते' म्हणून इथल्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर सोडलंत, तर तीच गोष्ट तुमचे प्राचार्य संदर्भपत्रात लिहितील. सध्याच्या शाळेने तुमची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील, तर राजीनाम्याचा विषय काढण्याआधी ती अटेस्टेशनच्या कारणाने मागून घ्या.