उपग्रहाच्या चित्रात प्लास्टिकचे ढीग कसे शोधायचे

पहिला ढीग मी 'शोधला' तेव्हा आम्ही सातजण रविवारी सकाळी चार स्कूटरवर तिथे पोचलो. पुण्याच्या पूर्वेला, नाल्याकाठी. चित्रात पाच-सहा पिक्सेल पांढरेफटक दिसत होते. प्रत्यक्षात निघालं मंडपवाल्याचं गोदाम, आणि पुढच्या मोकळ्या जागेत धुऊन वाळत घातलेलं मंडपाचं कापड. मालकाने चहा पाजला, वर विचारलं, "वरून आमचं कापड दिसतं होय?"

तेव्हापासून एकाच तारखेच्या चित्रावर मी कुठेही जात नाही.

आधी हे डोक्यात पक्कं करा, की फुकट मिळणाऱ्या चित्रांत 'प्लास्टिक' दिसत नाही. दिसते ती बदललेली जमीन. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास एक गुंठा. एका गुंठ्यात पिशव्या, माती, बाभळीचं झुडूप आणि दोन म्हशी असतील, तर या सगळ्यांची सरासरी एकच रंग होऊन येते. प्लास्टिकची खरी खूण अवरक्त प्रकाशात १७३० नॅनोमीटरच्या आसपास असते. तिथे ते प्रकाश शोषून घेतं. सेंटिनेल प्रकाश ठरावीक पट्ट्यांत (बँड्समध्ये) मोजतो. त्या भागातले त्याचे दोन पट्टे साधारण १६१० आणि २१९० नॅनोमीटरवर आहेत, म्हणजे खूण बरोबर मधल्या फटीत निसटते. वर्ल्डव्ह्यू-३ या खासगी उपग्रहाला ती सापडते, पण त्याची चित्रं विकत घ्यावी लागतात. आपल्याला हौस आहे, बजेट नाही.

तर सुरुवात कोपर्निकस ब्राउझरपासून, म्हणजे सेंटिनेलची चित्रं दाखवणाऱ्या वेबसाइटपासून. फुकट खातं उघडा, आपल्या भागावर चौकोन काढा, सेंटिनेल-२ 'एल२ए' (हवेचा परिणाम काढून टाकलेली चित्रं) निवडा आणि ढगांची मर्यादा दहा टक्क्यांवर आणा. जून ते सप्टेंबर विसरा, ढगांशिवाय हाती काही लागत नाही. मी मार्च घेते, आणि दर वर्षी मार्चच. ऑक्टोबरचं चित्र मार्चशी ताडून पाहिलंत तर अख्खी टेकडी 'बदललेली' दिसेल, कारण गवत वाळलेलं असतं.

मग 'फॉल्स कलर' लावा. झाडोरा लाल दिसतो. २०१९च्या मार्चमध्ये लाल असलेला कोपरा पुढच्या दोन-तीन मार्चमध्ये राखाडी होत गेला आणि त्याची कड दर वर्षी पुढे सरकली, तर तिथे खूण करा. पण मुरूम, राडारोडा आणि कचरा या चित्रात सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. म्हणून आधी डोळा तयार करायचा. मी उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो उघडून तासन्‌तास बघितला, मग वाघोलीच्या दगडखाणी, मग पत्र्याची गोदामं, मग शेडनेट. शेडनेट फार फसवतं, कारण तेही प्लास्टिकच आहे, फक्त कचरा नाही.

खुणा झाल्या की गूगल अर्थ प्रो उघडा आणि घड्याळाच्या चिन्हावरून जुनी चित्रं मागे-मागे न्या. खरं काम इथे होतं. राडारोडा टाकला असेल तर डंपरगणिक वेगळी, एकसारख्या आकाराची टेकाडं दिसतात. मिश्र कचरा पसरट असतो, त्यावर पांढरे-निळे ठिपके, मधे जळाल्याचे काळे डाग, आणि रस्त्यापासून आत गेलेली ट्रॅक्टरची चाकोरी. ही चाकोरी मला सगळ्यात भरवशाची वाटते. ठिपके एखाद वेळी फसवतात, पण रिकाम्या जागेत रोज ट्रॅक्टर उगाच कोण नेईल?

आगीचीही मदत होते. नासाच्या 'फर्म्स' नकाशावर उष्ण ठिकाणांचे ठिपके मिळतात. एकाच जागी महिनोन्‌महिने ठिपके येत असतील तर बघण्यासारखं आहे. मात्र ठिपका साधारण ३७५ मीटरच्या पिक्सेलचा असतो, आणि ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात त्याचेही ठिपके येतातच.

नदीच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. तरंगणाऱ्या कचऱ्यासाठी २०२० साली एक निर्देशांक (पट्ट्यांतल्या मोजमापांवरून काढायचा आकडा) मांडला गेला, पण तो किनाऱ्याजवळच्या समुद्रासाठी. आपल्या मुळा-मुठेत उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा असतो, तो चित्रात लालभडक होतो आणि खाली अडकलेल्या पिशव्या झाकून टाकतो.

शेवटी जागेवर जायचंच. माझ्या यादीतल्या खुणांपैकी निम्म्या तरी तिथे खोडल्या जातात. जाताना कचरा वेचणाऱ्या एखाद्या ताईंना सोबत घ्या. आमच्याबरोबर आलेल्या मावशींनी ढिगाकडे एक नजर टाकून सांगितलं, "हा जुना आहे, वेचून झालेला." कसं कळलं? बाटल्या नव्हत्या, डबे नव्हते. उरल्या होत्या त्या पातळ पिशव्या आणि वेफर्स-शाम्पूची चकचकीत पाकिटं, ज्यांना भंगारवाला हात लावत नाही. हे मला कुठल्याच पट्ट्यात दिसलं नसतं.

फोनचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, पायांनी लांबी-रुंदी मोजा, आणि प्रत्येक जागेपुढे लिहा: मिश्र कचरा, राडारोडा, की काहीच नाही. 'काहीच नाही' वाल्याही जपून ठेवा. पुढे गूगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहचित्रांवर हिशेब करायच्या गूगलच्या ऑनलाइन साधनात) संगणकाला ढीग ओळखायला शिकवायची वेळ आली की त्याच जास्त उपयोगी पडतात. माझ्या यादीत 'मंडपाचं कापड' असा स्वतंत्र वर्ग आहे.

तक्रार करायची झाली तर दोन मार्चची दोन चित्रं शेजारी-शेजारी लावा, खाली अक्षांश-रेखांश द्या. आणि मुख्य रस्त्यावरून आत वळायच्या जागेचा एक साधा फोटो जोडा, बाजूच्या टपरीसकट. क्षेत्रीय कार्यालयातून येणारा मुकादम अक्षांश शोधत बसत नाही, टपरी शोधतो.