फ्लाइंग स्कॉट्समनचं मॉडेल बनवायचंय? आधी साल ठरवा

बहुतेक लोक किटचा बॉक्स उघडतात आणि लगेच कापाकापी सुरू करतात. मी म्हणेन आधी एक कागद घ्या आणि त्यावर एकच गोष्ट लिहा, साल. कारण फ्लाइंग स्कॉट्समन हे ब्रिटनचं प्रसिद्ध वाफेचं इंजिन कायम एकसारखं दिसलेलंच नाही. 1923 ला डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा नंबर 1472 आणि नाव काहीच नव्हतं, म्हणजे त्या सालचं मॉडेल करणार असाल तर नावाची पाटी लावायचीच नाही. 1924 ला वेम्बलीच्या प्रदर्शनासाठी 4472 झालं आणि नाव मिळालं. 1928 ला लंडन ते एडिनबरा 392 मैल न थांबता जायचं म्हणून कॉरिडॉर टेंडर आला, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा पण आत चालायची वाट असलेला, त्यातून दुसरी क्रू चालत्या गाडीत इंजिनात येऊ शकायची. 1947 ला ए1 वर्गाचं ए3 वर्गात रूपांतर झालं, 1959 ला डबल चिमणी, 1961 ला धूर बाजूला सारणारे जर्मन पद्धतीचे डिफ्लेक्टर. मध्ये नंबर 502, मग 103, मग 60103. रंगही तसेच, ॲपल ग्रीन, युद्धात काळा, मग बीआरचा (ब्रिटिश रेल्वेज) निळा, मग गडद ब्रन्सविक ग्रीन.

आता गंमत बघा, नेटवर जे फोटो मिळतात ते बरेचसे 2016 नंतरचे, गडद हिरवं, डबल चिमणी, डिफ्लेक्टर. तो फोटो समोर ठेवून कोणी 1934 चं, म्हणजे ताशी 100 मैलवालं 4472 बनवायला घेतं आणि चिमणी चुकते. ॲपल ग्रीन प्लस डिफ्लेक्टर हे कॉम्बिनेशन इंजिन सेवेतून निवृत्त झाल्यावर, जपणूक काळात दिसलंय, पण ते डिझाइन करणाऱ्या ग्रेस्लीच्या काळात नाही. म्हणून तुमच्या सालाचेच फोटो शोधा, दोन्ही बाजूंचे, आणि मग त्याला साजेसं किट घ्या.

स्केलचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये ओओ (OO) नावाचं स्केल चालतं, 4 मिमी म्हणजे 1 फूट, पण रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान, जुन्या काळच्या मोटरी त्यात बसेनात म्हणून बॉडी मोठी केली आणि रूळ एचओ (HO) या जरा लहान स्केलचेच ठेवले. हिशोबाने हे अंतर 18.83 मिमी हवं, त्यामुळे समोरून बघितलं की इंजिन जरा अरुंद पायावर उभं वाटतं. शोकेसमध्ये ठेवणार असाल तर पी4 चा, म्हणजे 18.83 मिमीच्या अचूक रुळांचा, विचार करा, पळवायचं असेल तर 16.5 वर निवांत राहा. ड्रायव्हिंग चाकं 6 फूट 8 इंच, म्हणजे मॉडेलमध्ये 26.7 मिमीच्या आसपास. किटबरोबर आलेली चाकं एकदा कॅलिपरने मोजून बघाच.

पितळेच्या किटमध्ये कामाचा क्रम महत्त्वाचा. रिव्हेट आधी. पत्र्याच्या मागच्या बाजूला अर्धवट कोरलेले ठिपके असतात, ते पत्रा सपाट असतानाच दाबून घ्या, एकदा वाकवला की हात पोचत नाही. मग चॅसी. बॉडी कितीही सुंदर झाली तरी चॅसी अडखळत असेल तर ते इंजिन कपाटातच राहणार, म्हणून माझं मत, निम्मा वेळ चॅसीला द्या. ॲक्सलचे बेअरिंग नुसते डोळ्याने लावू नका. कपलिंग रॉड (चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा) आधी पूर्ण करा, मग लांब सरळ ॲक्सल बेअरिंगमधून घालून त्यांच्या टोकांवर रॉड चढवा आणि तेच माप धरून बेअरिंग सोल्डर करा, म्हणजे रॉडची भोकं आणि ॲक्सलचं अंतर आपोआप जुळतं. नंतर चाकं लावताना दोन्ही बाजूंच्या क्रॅंकपिन (चाकावरच्या, रॉड धरणाऱ्या खिळ्या) एकमेकींना काटकोनात ठेवायच्या. खरं तर हे तीन सिलिंडरचं इंजिन, मूळ क्रॅंक 120 अंशांवर, पण मॉडेलमध्ये बहुतेक लोक 90 च ठेवतात आणि फरक क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. एकेका बाजूचा रॉड लावून हाताने ढकलून बघा, कुठे अडकतंय ते कळेल, मग तेवढंच भोक हलक्या हाताने मोठं करा, सगळी भोकं सैल करत सुटू नका. हे झाल्याशिवाय मोटर लावायची नाही.

सोल्डरसाठी पितळेला 145 डिग्रीला वितळणारं, व्हाइटमेटलच्या (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) भागांना 70 डिग्रीवालं. व्हाइटमेटलला नेहमीचं गरम सोल्डरिंग आयर्न लावलं की बॉयलरवरच्या डोमचा (घुमटाचा) थेंब होतो. पितळेवर व्हाइटमेटल चिकटवायचं असेल तर पितळेवर आधी 145 चा पातळ थर द्यायचा, मग 70 वालं धरतं. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन, आम्लधर्मी असतो, रोज काम संपलं की कोमट पाण्याने ब्रशने धुवा, नाहीतर काही दिवसांनी हिरवट डाग येतात आणि त्यावर रंग टिकत नाही.

बॉयलरमध्ये वजन भरताना शिशाचे छर्रे फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात भरू नका, कितीही सोपं वाटलं तरी. शिशावर रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि बॉयलर उसवतो, कधी कधी वर्षांनी. एपॉक्सी वापरा, आणि तोल मधल्या ड्रायव्हिंग चाकावर येईल असं बघा, पुढे जड झालं तर चाकं नुसती जागेवर फिरतात.

रंगाला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मग ॲपल ग्रीन पातळ थरांत. खरी परीक्षा काळ्या-पांढऱ्या लाइनिंगची, म्हणजे बारीक रेघांची. तयार चिकटवायचे ट्रान्सफर मिळतात, पण बॉयलरच्या पट्ट्यांवर रूलिंग पेन (रंग भरून रेघ ओढायचा पेन) जास्त छान दिसतो. रंग दुधापेक्षा जरा घट्ट, पेन आधी भंगार पत्र्यावर चालवून बघायचा, रेघ सुरुवातीला फुगली तर टोक पुसून परत. चुकलं तर ओलं असतानाच टोकदार काडीने खरवडा. सिलिंडरही हिरवे आणि लाइनिंगवाले, हे खूप जण विसरतात. बीआरचं गडद हिरवं करत असाल तर रेघा केशरी-काळ्या.

शेवटी कॅबमधली माणसं. 1930 च्या आसपासचं असेल तर ड्रायव्हर उजवीकडे, इंजिन डावीकडून चालवायला लागले ते 1950 च्या दशकात. कॉरिडॉर टेंडर असेल तर आतली वाट फक्त 18 इंच रुंद, 5 फूट उंच होती, म्हणजे मॉडेलमध्ये 6 बाय 20 मिमी, तेवढी फट कापायला विसरू नका. कोळसा मात्र खराच टाका, हातोडीने बारीक करून चाळून, प्लास्टिकचा ढीग लगेच ओळखू येतो.