व्हेज रामेन मागवताय? आधी सूपचं विचारा

वाशीत परवा आईला घेऊन रामेन, म्हणजे सूपमधल्या जपानी नूडल्स खायला गेलो, मेन्यूवर हिरवा ठिपका नव्हता पण वेटर म्हणाला व्हेजच आहे सर, वरून फक्त भाज्या. खरी गोची वर नसतेच, खाली सूपमध्ये असते. जपानी सूपचा बेस म्हणजे दाशी, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची असते. तोनकोत्सु सूप तर डुकराच्या हाडांचंच. त्यामुळे "व्हेज आहे का" असं विचारूच नका, "सूप कशात बनवलंय" असं विचारा. कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची दाशी असेल तर बिनधास्त मागवा, जपानमधले बौद्ध भिक्षू पूर्वीपासून तीच वापरत आलेत, चवीला अजिबात पुचाट नसते.

मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ते चालतं, पण मिसो सूपमध्ये परत दाशी असतेच हां! सोबा-उदोन या जपानी नूडल्सच्या डिपिंग सॉसचंही तेच. गुलाबी नक्षीची पांढरी चकती दिसली तर ती नारुतो, माशाची. अंडं चालत नसेल तर नूडल्सचंही विचारा, उदोन साधारण गव्हाचं पीठ, मीठ, पाणी एवढंच.

वेटर गोंधळला तर सरळ किचनमधून विचारून यायला सांगा, लाजायचं काय त्यात. आमच्यावेळी सूप चिकनचं निघालं, मग आईने एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि म्हणाली, "वालाच्या शेंगांसारखंच की रे हे, एवढे पैसे कशाचे?"