चार किलोमीटरच्या परस्यूटला उभं राहण्याआधी

पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालीस की सगळ्यात आधी कागद-पेन्सिल घेऊन बस. सायकल, चाकं, स्किनसूट सगळं नंतर. परस्यूट म्हणजे ट्रॅकवरची सायकल शर्यत: दोघी समोरासमोरच्या सरळींवरून एकाच वेळी सुटतात. १ जानेवारी २०२५ पासून महिलांची वैयक्तिक परस्यूट ३ नाही, ४ किलोमीटरची आहे, पुरुषांइतकीच. २५० मीटरच्या ट्रॅकवर १२ ऐवजी १६ फेऱ्या. जुन्या शर्यतीत पहिला किलोमीटर जरा जोरात गेला तरी दात-ओठ खाऊन शेवट गाठता यायचा. आता सुरुवातीला उधळलेली ताकद बाराव्या-तेराव्या फेरीत वसूल होते, आणि तेव्हा अजून तीन-चार फेऱ्या उरलेल्या असतात.

म्हणून आधी वेळापत्रक लिही. समज, ५ मिनिटांचं लक्ष्य आहे. उभ्या सायकलवरून सुटायचं असल्याने पहिल्या फेरीला २४ सेकंद धर. उरलेल्या १५ फेऱ्या प्रत्येकी १८.४ सेकंदांत आल्या की बरोबर ५:००. हा १८.४ चा आकडा पायात बसायला हवा. सरावात घड्याळ न बघता चार-चार फेऱ्या मार आणि खाली उतरून आधी तू वेळ सांग, मग प्रशिक्षकांना विचार. दुसरी, तिसरी, चौथी फेरी तुला हळू वाटेलच. पाय ताजे असताना तसंच वाटतं. तिथे स्वतःला आवरता येणं हीच या शर्यतीची खरी तयारी आहे असं मी मानते, आणि ती निघायच्या आठवड्यात होत नाही, त्याला महिने लागतात.

गिअर याच कागदावरून ठरतो. ५४ दात्यांचं चेनरिंग (पेडलकडचं दातेरी चाक) आणि १४ दात्यांचा कॉग (मागच्या चाकावरचं) असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ८ मीटर जाते, ट्रॅकच्या एका फेरीला ३१ वेळा पेडल फिरतं आणि १८.४ सेकंदांच्या फेरीला तुझी लय मिनिटाला १०१ च्या आसपास पडते. त्याहून जड गिअर हवा असेल तर तो स्पर्धेच्या गावात जाऊन पहिल्यांदा लावू नकोस. आसपासचे एक-दोन कॉग आणि एक चेनरिंग बरोबर असू दे, पण सरावात वापरलेलेच.

आपल्याकडच्या बऱ्याच मुली उघड्यावरच्या सिमेंटच्या ट्रॅकवर तयार होतात आणि आंतरराष्ट्रीय शर्यत होते ती छताखाली, लाकडी ट्रॅकवर, चाळीस अंशांहून उभ्या वळणांवर. त्यामुळे निघण्यापूर्वी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या लाकडी व्हेलोड्रोमवर काही दिवस मिळाले तर मिळवच. तिथे एकच गोष्ट घोटायची: काळी रेघ. शर्यतीचं अंतर त्या रेघेवर मोजलेलं असतं. वळणात तू रेघेच्या दहा सेंटिमीटर वरून गेलीस, तर फेरीला अर्ध्या मीटरच्या आसपास जास्त चाललीस; १६ फेऱ्यांत सात-आठ मीटर, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. रेघेच्या आतल्या निळ्या पट्ट्यावर वळणांमध्ये स्पंजचे ठोकळे मांडलेले असतात. पहिल्यांदा नजर त्यांच्यावरच जाते आणि चाक वर सरकतं. नजर पुढे, वळणाच्या तोंडाशी ठेवायची सवय तिथेच लावून घे.

सामानात सायकल, दोन्ही डिस्क चाकं, सुटी चाकं, जास्तीचे ट्यूब्युलर (रिमला चिकटवायचे टायर), चेन, १५ मिलिमीटरचा पाना आणि प्रेशर दाखवणारा चांगला पंप. पाना दुसऱ्याकडे मागायची वेळ येऊ देऊ नकोस. स्किनसूट, हेल्मेट, बूट आणि लायसन्स मात्र हातातल्या बॅगेत. पेटी उशिरा आली तर सायकल उसनी मिळू शकते, बूट मिळत नाहीत. सायकलची मापं घरीच टेपने घेऊन लिहून ठेव. वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही, आणि हाताखालची एक्स्टेन्शन्स (एरोबारच्या पुढे आलेल्या दांड्या) किती पुढे, किती उंच चालतील हे तुझ्या उंचीच्या गटाप्रमाणे ठरतं. शर्यतीच्या तोंडावर तपासणीत दोन सेंटिमीटर मागे घ्यायला लावले, तर महिनोन् महिने बसवलेली बैठक तिथेच मोडते.

शर्यतीच्या दिवशी वॉर्म-अप रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या साधनावर), आपल्या नेहमीच्या क्रमाने. खाणंही नेहमीचंच. दुसऱ्या संघाच्या मुली काय पितात ते बघून काहीही तोंडात टाकू नकोस. मागच्या चाकाचे नट सायकल सुरुवातीच्या गेटकडे जाण्याआधी स्वतः हात लावून बघ.

गेटवर गेलीस की घड्याळ ५० पासून उलटं मोजू लागतं. गेटने मागचं चाक धरलेलं असतं, सायकल पडणार नाही. पुढचा पाय पेडलवर आणि हात खालच्या हँडलवर घट्ट. शेवटच्या पाच सेकंदांत सीटवरून उठ, कंबर मागे घे आणि शून्यावर पूर्ण अंग पुढे फेक. घाई केलीस तर गेट सुटलेलं नसतं, झटका स्वतःलाच बसतो. साधारण अर्धी फेरी उभ्याने, मग बस, एरोबारवर ये आणि पुढे डोकं हलू देऊ नकोस. ट्रॅकच्या काठाला प्रशिक्षक रेषेच्या पुढेमागे सरकून तू वेळेच्या पुढे आहेस की मागे ते दाखवतात. कुठल्या बाजूला सरकलं की काय समजायचं, हे आदल्या दिवशी दोघांनी पक्कं करा. समोरच्या सरळीवरून सुटलेल्या मुलीकडे पात्रता फेरीत बघायचंच नाही. तिथे घड्याळाशी सामना आहे. सगळ्यात कमी वेळ घेणाऱ्या चौघी फायनलला जातात, पहिल्या दोघी सुवर्णासाठी, पुढच्या दोघी कांस्यासाठी.

आणि फायनल त्याच दिवशी असू शकते हे धरूनच चाल. २०२० मध्ये बर्लिनला अमेरिकेच्या क्लोई डायगर्टने ३ किलोमीटरचा विश्वविक्रम एका दिवसात दोनदा मोडला: पात्रतेत ३:१७.२८३, फायनलला ३:१६.९३७. दुसऱ्यांदा जास्त जोरात! म्हणून पात्रता संपल्या संपल्या खुर्चीत कोसळू नकोस. रोलरवर हलके पाय, कोरडे कपडे, भात किंवा जे पचतं ते, आणि पुन्हा तोच वॉर्म-अप.

ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत १९९२ ते २००८ होती, आता नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्रिटनची रेबेका रोमेरो २००४ ला अथेन्सहून रोइंगचं रौप्य घेऊन गेली आणि २००८ ला बीजिंगमध्ये याच शर्यतीचं सुवर्ण. पॅरालिम्पिकमध्ये मात्र परस्यूट आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया तिथल्या ३ किलोमीटरच्या परस्यूटमध्ये उतरली. तेव्हा गेटवर आपल्याकडची कुणी उभीच राहिली नाही असं मनात आणू नकोस.

परत निघताना फेरीनिहाय वेळांचा कागद मागून घे आणि घरी लिहिलेल्या कागदाशेजारी ठेवून बघ. दुसरी ते पाचवी फेरी १८.४ च्या किती आत आली, ते आधी तपास. पुढच्या महिन्याचा सराव त्यावरूनच आखायचा आहे.