ऑर्थोपेडिक्समधून हाताच्या शस्त्रक्रियेकडे: प्रशिक्षणाची आखणी कशी करावी

ऑर्थोपेडिक्समध्ये घडलेल्या डॉक्टरची नजर स्वाभाविकपणे आधी हाडाकडे जाते आणि हाताच्या शस्त्रक्रियेत नेमकी हीच सवय आड येते. हात व मनगट मिळून २७ हाडे असतात, हे खरे. परंतु त्यांना खेटूनच टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. हाड अचूक जुळले आणि टेंडन त्याला चिकटून बसले, तर एक्स-रे उत्तम दिसतो, पण रुग्णाची मूठ वळत नाही. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील हाताच्या जखमींसाठी स्वतंत्र केंद्रे उभारताना अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी हाड, टेंडन, मज्जातंतू आणि त्वचा या सर्वांची जबाबदारी एकाच सर्जनने घ्यावी, असा आग्रह धरला. १९४६ मध्ये हाताच्या शस्त्रक्रियेची अमेरिकन संघटना स्थापन झाली, तीही याच विचारातून.

औपचारिक टप्पे सर्वत्र साधारण सारखेच असतात: वैद्यकीय पदवी, मग रेसिडेन्सी (रुग्णालयात राहून घेतलेले विशेषज्ञ-प्रशिक्षण) आणि शेवटी हाताची फेलोशिप (त्यानंतरचे एकाच उपशाखेचे प्रशिक्षण). अमेरिकेत ऑर्थोपेडिक रेसिडेन्सी ५ वर्षांची आणि फेलोशिप सहसा १ वर्षाची असते. प्लास्टिक सर्जरीतूनही या शाखेत येता येते. त्या वाटेने आलेल्यांना त्वचेचे फ्लॅप (रक्तपुरवठ्यासह हलवलेला त्वचेचा तुकडा) आणि सूक्ष्मदर्शकाखालची सूक्ष्मशस्त्रक्रिया आधीपासून परिचयाची असते, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरला ती उणीव जाणीवपूर्वक भरून काढावी लागते. ते काम फेलोशिपवर ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेसिडेन्सीतच सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालण्याचा सराव सुरू करावा. कोंबडीच्या तंगडीतील रक्तवाहिनी त्यासाठी पुरेशी असते. त्यासाठी वापरला जाणारा १०-० जाडीचा नायलॉनचा धागा केसापेक्षाही बारीक असतो. सुई टोकाशी पकडली तर ती वाकते, आणि वाहिनीची आतील बाजू चिमट्याने धरली तर प्रत्यक्ष रुग्णात तेथेच गुठळी धरण्याचा धोका असतो. म्हणून केवळ बाहेरचा पातळ थर उचलायचा, मनगट टेबलावर टेकवायचे आणि हालचाल फक्त बोटांतून करायची. थरथर सर्वांनाच जाणवते, सरावाने ती बरीच आटोक्यात येते. एखाद्या टाक्यात समोरची भिंतही चुकून ओवली गेली, तर तो काढून पुन्हा घालण्याची शिस्त याच काळात अंगी बाणते.

फेलोशिप निवडताना संस्थेच्या नावापेक्षा शस्त्रक्रियेत फेलोच्या वाट्याला काय येते, याची चौकशी करावी; आधीच्या फेलोंना विचारल्यास खरे उत्तर मिळते. तळहाताच्या पुढच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्यात बोट वाकवणारे दोन टेंडन एकाच अरुंद आवरणातून सरकतात. तेथील दुरुस्ती फेलो स्वतः करतो की केवळ जखम उघडी ठेवणारा हुक धरून उभा राहतो, हा प्रश्न थेट विचारावा. त्याच विभागात हँड थेरपिस्ट (शस्त्रक्रियेनंतर हाताचे व्यायाम करवून घेणारा तज्ज्ञ) आहे का, हेही पाहावे. शिवलेले टेंडन फार लवकर जोराने हलवले तर तुटते आणि हलवलेच नाही तर चिकटते, त्यामुळे थेरपिस्टच्या खोलीत घालवलेले तास वाया जात नाहीत. तुटलेला आणि शिवलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटाशी शिवलेल्या मज्जातंतूची संवेदना बोटाच्या टोकाशी पोहोचायला अनेक महिने लागत असल्याने आपल्या अनेक रुग्णांचा अंतिम निकाल फेलोला पाहायलाच मिळत नाही. म्हणून जुन्या रुग्णांच्या फेरतपासणीला आवर्जून बसावे.

पुढील व्यवसायात तुटलेली बोटे जोडण्याचे प्रसंग बहुतेकांना क्वचितच येतात. रोजचे काम कार्पल टनेल (मनगटात मज्जातंतू दबणे), ट्रिगर फिंगर (बोट वाकलेल्या स्थितीत अडकणे) आणि मनगटाचे फ्रॅक्चर यांचेच असते. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते, त्यांनी निर्णयाचा फेरविचार करावा. नोकरी स्वीकारण्यापूर्वी तेथे शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, तो हाताळू शकणारे रात्रपाळीचे कर्मचारी आणि थेरपिस्ट आहेत की नाहीत, याची स्वतः पाहणी करावी आणि नसल्यास ते केव्हा मिळतील, हे लेखी मागून घ्यावे.