कन्सोल तापून बंद पडतोय? आधी धूळ काढा

गेम रंगात आला की पंखा घोंघावतो, स्क्रीनवर तापमानाची सूचना येते आणि कन्सोल बंद पडतो. बहुतेक वेळा दोष चिपचा नसतो, धुळीचा असतो. कन्सोल बंद करा, प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या. टॉर्च मारून जाळीतून आत बघा: हीटसिंकच्या (चिपची उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर राखाडी थर बसलेला दिसला, तर हवा तिथेच अडते आहे.

प्लेस्टेशन ५ चं बाजूचं झाकण स्क्रू न काढता निघतं आणि आत धूळ साठायला छिद्रं केलेली असतात. तिथे व्हॅक्यूमची नळी हलकेच लावा. दाबलेल्या हवेचा फवारा मारणारा कॅन वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. मोकळा पंखा झोतात भरधाव फिरला की बेअरिंग जातं. कॅन सरळच धरा, तिरपा केला तर थंडगार द्रव बाहेर येतो.

तरीही तापत असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, वाळली असेल. प्लेस्टेशन ४ मध्ये ती बदलता येते: जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवीचा पातळ थर द्यायचा. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, आहे. त्यातून वीज वाहते, थेंब सांडला तर बोर्ड जळू शकतो, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्या. पॉवर सप्लायचा डबा तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आणि कन्सोल बंद कपाटात ठेवू नका. चारी बाजूंनी निदान १० सेंटीमीटर मोकळी जागा हवीच.