पोलंडच्या डिस्ट्रॉयर्सचा युद्धातला इतिहास वाचायचाय? मग असं सुरू करा

दुसऱ्या महायुद्धातलं नौदल म्हटलं की लोक थेट ब्रिटिश नाहीतर अमेरिकन नेव्ही उचलतात आणि शेकडो जहाजांत हरवतात. त्यापेक्षा पोलंड घ्या, १९३९ ला त्यांच्याकडे डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान युद्धनौका, होते फक्त चार, सगळा हिशोब एका वहीत मावतो.

आधी त्या चारांची नावं लिहा: विखेर, बुझा, ग्रोम, ब्विस्कावीत्सा. प्रत्येकीला एक पान द्या, आणि लढाया पाठ करत बसू नका, बोटीच्या मागे जा. ३० ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे जर्मन हल्ल्याच्या दोन दिवस आधी, विखेर सोडून बाकी तिघी ब्रिटनकडे निघाल्या. ही पळवाट होती का शहाणपण यावर अजून वाद घालतात लोक, पण मागे राहिलेली विखेर ३ सप्टेंबरला पोलंडच्याच हेल बंदरात जर्मन विमानांनी बुडवली, तेव्हा मला तरी निर्णय बरोबरच वाटतो. ग्रोम मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या नार्विकजवळ बुडाली.

आता दुसरा भाग, ब्रिटनने दिलेल्या बोटी. गार्लंड, प्योरुन, ऑर्कान, कुयाव्याक, क्राकोव्याक, श्लोंझाक. इथे बहुतेक जण अडकतात कारण एकाच बोटीला दोन-तीन नावं. प्योरुन आधी नेरिसा होती, ऑर्कान आधी मर्मिडन. त्यामुळे पानाच्या डोक्यावर सगळी नावं लिहायची आणि सगळ्या नावांनी शोधायचं, नाहीतर अर्धा इतिहास निसटतो.

तिसरं, शौर्यकथा दोन्ही बाजूंनी तपासा. २६ मे १९४१ च्या रात्री प्योरुनने एकटीने बिस्मार्क या प्रचंड जर्मन युद्धनौकेवर तोफा डागल्या हे खरं, तिच्या कॅप्टन प्वाव्स्कीची हिंमत जबरदस्तच, पण तिचा एकही गोळा लागला नाही हेही लिहून ठेवा. उलट इंग्लंडमधल्या कौझ या बंदराच्या गावाची गोष्ट माहीत असणारे कमी. ब्विस्कावीत्सा तिथेच बांधलेली, मे १९४२ मध्ये दुरुस्तीला परत तिथेच होती, रात्री जर्मन विमानं आली आणि तिने बंदरातूनच तोफा चालवल्या, धुराचा पडदा केला आणि गाव बऱ्यापैकी वाचवलं. तिच्या कमांडर फ्रान्स्कीच्या नावाने कौझमध्ये आजही एक जागा आहे. ब्विस्कावीत्सा अजून शाबूत आहे, ग्दिनियाला म्युझियम म्हणून, पोलंडला गेलात तर आधी तिथे जा.

शेवटी प्रत्येक पानावर युद्धानंतर बोटीचं काय झालं तेही लिहा. श्लोंझाकचं पान तर आपल्याकडेच येतं! मूळची ब्रिटिश बेडेल, १९४२ मध्ये पोलिश झेंड्याखाली फ्रान्समधल्या दिएप बंदरावरच्या हल्ल्यात होती, युद्धानंतर ब्रिटनला परत गेली आणि १९५३ मध्ये भारतीय नौदलात आयएनएस गोदावरी झाली. फक्त नुसतं गोदावरी टाकून शोधलंत तर १९८३ ची फ्रिगेट समोर येते, ती वेगळी, म्हणून सोबत बेडेल पण टाका.